टायरशास्त्री

स्टुटगार्टमधल्या मराठी मंडळींत नवा माणूस आला की त्याला चार प्रश्न विचारले जातात. आडनाव काय, गाव कुठलं, कुठल्या कंपनीत, आणि टायर कुठले? पहिले तीन कुणीही विचारतं. चौथा विचारायचा मान टायरशास्त्र्यांचा. त्यांचं आडनाव शास्त्री नाही. खरं आडनाव मला दोन वर्षांनी त्यांच्या टपालपेटीवरून कळलं, आणि तोवर ते कळून काही उपयोग राहिला नव्हता.

परदेशातल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात असे विषयवार जाणकार असतात. तेवीस किलोच्या दोन बॅगा कुठल्या विमानात चालतात ते एकाला ठाऊक, करपरताव्याचा अर्ज दुसऱ्याला तोंडपाठ, ताजा कढीपत्ता कुठल्या वारी येतो ते तिसरीला. पण ही माणसं विचारल्यावर सांगतात. शास्त्रीकाका आधी सांगतात, मग तुम्ही काय विचारायला हवं होतं तेही सांगतात. पाहुणा दारात आला की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. काका त्याच्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाडीच्या चाकांकडे बघतात. त्यांच्या सगळ्या पँटी गुडघ्यावर झिजलेल्या आहेत, कारण बोलता बोलता ते कुठल्याही चाकाशेजारी उकिडवे बसतात.

मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे टायरला एकच ऋतू, गोटा होईपर्यंतचा. त्यामुळे पहिल्या शरदात जुनी गाडी घेतली आणि काकांनी "विंटर की ऑल-सीझन?" असं विचारलं, तेव्हा मी भोळेपणाने म्हणालो, "जे स्वस्त असतील ते." काकूंनी स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला तासाभराने कळला. तोवर त्यांनी चहा दोनदा गरम केला होता.

काकांचं व्याख्यान कीर्तनासारखं असतं. पूर्वरंग फिनलंडात. 1934 साली तिथल्या एका कारखान्याने मालट्रकांसाठी जगातला पहिला विंटर टायर काढला आणि 1936 मध्ये मोटारींसाठी. इथे काका थांबतात, जणू त्या कारखान्यात ते स्वतः पाळीवर होते. मग उत्तररंग, म्हणजे रबर. थंडी पडली की समर टायरचं रबर ताठरतं, विंटरचं मऊ राहतं. त्याच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात, त्या रस्त्याला चावे घेतात, आणि खाचांत बर्फ भरून बसतो. "भरला की बरं का वाईट?" काका विचारतात. वाईट म्हणणारा नापास. बर्फाला बर्फच घट्ट धरतो, म्हणून भरलेला बरा. हे सांगताना ते दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढून दाखवतात आणि दरवेळी अंगठी अडकते.

टायरच्या कडेवरचा मजकूर ते पत्रिकेसारखा वाचतात. 205/55 आर 16, 91 एच. पैकी 91 म्हणजे एका चाकाने 615 किलो भार पेलायचा, एच म्हणजे ताशी 210 पर्यंत पळायची मुभा. शेवटचे चार आकडे ही जन्मवेळ : 3419 असेल तर 2019 सालचा चौतिसावा आठवडा. माझ्या गाडीची पत्रिका बघून ते म्हणाले, "पुढचे दोन आणि मागचे दोन यांच्या वयात सहा वर्षांचं अंतर आहे. जमेल कसं?"

जर्मन लोक विंटर टायरचा काळ सांगतात तो 'ओ पासून ओ पर्यंत', ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. काकांनी त्याचं मराठी पंचांग केलं आहे : दसऱ्याला चढवायचे, पाडव्याला उतरवायचे. खंडेनवमीला त्यांच्या तळघरात चारही विंटर टायरांना हळदकुंकू लागतं आणि झेंडूची फुलं मिळतात. तळघरात आकाशकंदिलाचा खोका, लोणच्याची बरणी आणि टायर एकाच फळीच्या आसऱ्याला आहेत. रिमसकट टायर आडवे एकावर एक ठेवायचे, बिनरिमचे उभे, हा तिथला नियम काकूंनाही पाठ आहे. कुठलं चाक कुठलं ते विसरू नये म्हणून जर्मन माणूस त्यावर खडूने जर्मन आद्याक्षरं लिहितो. काकांच्या चाकांवर 'पु. डा.' आणि 'मा. उ.' असं लिहिलेलं असतं. एकदा गॅरेजातल्या पोराने ती सहीच समजली होती.

हा माणूस चिपळूणचा, हे मला फार उशिरा कळलं. वडिलांची स्कूटर होती आणि तिचे टायर रिमोल्ड करकरून कुंभार्ली घाट चढायचे. स्टेपनीसुद्धा गोटा. पावसात वडील चढावर म्हणायचे, "उतर रे, जरा चालत ये." ते पोर आज चार मिलिमीटरच्या खाली खाच गेली की माणसाला घरी चालत पाठवायला निघतं. कायद्याला 1.6 मिलिमीटर चालतात. काकांना चालत नाहीत. त्यांच्या खिशात यासाठी दोन युरोचं एक वेगळं नाणं असतं. त्याची बाहेरची चंदेरी कडा साधारण चार मिलिमीटरची. ती खाचेत पूर्ण बुडाली तर टायर पास. ते नाणं काका खर्च करत नाहीत, देवळातसुद्धा टाकत नाहीत.

ऑल-सीझनचं नाव ते घेत नाहीत. 'तो प्रकार' म्हणतात. मी बाजू मांडून पाहिली. म्हटलं, स्टुटगार्ट दरीत वसलंय, इथे बर्फ टिकतो वर्षातून मोजके दिवस. दोन संच घ्या, वर्षातून दोनदा बदला, वर टायरांच्या 'हॉटेला'त ते ठेवायचं भाडं भरा. (हॉटेल हा शब्द माझा नाही, इथे खरंच टायरांचं हॉटेल असतं, आणि माझे टायर माझ्यापेक्षा चांगल्या जागी राहतात असं बायको म्हणते.) शिवाय कायदा काय म्हणतो? 2010 पासून नियम एवढाच की रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल नाहीतर गोठलेलं दव असेल तेव्हा हिवाळी टायर हवेत. नसले तर 60 युरो दंड आणि परवान्याच्या खात्यावर एक गुण. आता टायरवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह लागतं, ते चांगल्या ऑल-सीझनवरही असतं.

"कायद्याला चालतं रे," काका म्हणाले, "भौतिकशास्त्राला?" आणि मग हळू आवाजात, वाईट बातमी सांगावी तसं, "भाजीच्या पातेल्याने आंघोळ करता येते. आपण करतो का?"

सात अंशांखाली पारा गेला की विंटर हवेच, हे त्यांचं व्रत. बाल्कनीत तापमापक आहे, त्यावर सातच्या रेघेला लाल नेलपॉलिश. हा निव्वळ ठोकताळा आहे, रबर काही साताच्या ठोक्याला दगड होत नाही, असं मी एकदा बोललो. दिवाळीच्या फराळापर्यंत अबोला होता. चकली देताना ते फक्त "सहा आहे बाहेर" एवढंच म्हणाले.

शेवटी मी गुपचूप 'तो प्रकार' घेतला. हिमकणवाला, बऱ्यापैकी महाग. गणपतीच्या दर्शनाला गेलो तेव्हा गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावली. काका आरती संपल्यावर प्रसाद घेऊन खाली आले, फिरायला म्हणून निघाले, आणि पंधरा मिनिटांनी परत येऊन माझ्या शेजारी बसले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र फोन आला : "नवे बसवलेस ना? पन्नास किलोमीटर झाले की बोल्ट परत आवळून घे." काकांचा हा धर्म मला मान्य आहे. मतभेद टायरशी, बोल्टशी नाही.

जानेवारीत एका रात्री खरोखरचा बर्फ पडला. पहाटे साडेपाचला फोन. काकांचं नऊचं विमान, मुंबईला भाच्याचं लग्न, आणि बर्फामुळे लोकल निघेना. विमानतळ दरीबाहेर वर पठारावर, म्हणजे नोयं वाइनश्टायगंचा तो वळणावळणाचा चढ चढायचा.

"तुझी गाडी बाहेरच असते ना?"

"हो. पण काका, तुमच्या गाडीला तर..."

"रस्त्यावर मीठ टाकलंय रे," काका म्हणाले. "तळ गंजतो. बर्फात मी ती कधीच काढत नाही."

मी पोचलो तेव्हा दोघं दारात उभे होते, बॅगांवर बर्फ साचू लागलेला. गॅरेजचं दार बंद होतं. आत ती गाडी उबेत उभी असणार, चारही पायांत पूजा केलेले टायर घालून. काकूंनी मागचं दार उघडून बॅगा आत ढकलल्या. काका पुढे आले, सीटकडे न जाता डाव्या चाकाशी गेले, हातमोजा काढला, खाचेतला बर्फ अंगठ्याने कोरला आणि लग्नाच्या कोऱ्या पँटीचा गुडघा बर्फात टेकवून नाणं आत घातलं.

"अहो, विमान चुकेल!" काकू म्हणाल्या.

काकांनी नाणं पुसून खिशात ठेवलं.

"चार आहेत," ते काकूंना म्हणाले. "बस."