फुल बाह्यांचे सर

एप्रिल संपत आलाय. शाळेचे पत्रे तापलेत, पंखा विजेच्या मर्जीवर आहे, पोरांनी गळ्याची बटणं उघडी टाकलीत. अशा उकाड्यातही ज्या सरांची बाही मनगटापर्यंत बटण लावून बंद असते, ते शिस्तीचे भोक्ते आहेत असं समजू नका. त्या बाहीखाली वाघ आहे.

असा एखादा सर आता शाळांच्या बहुतेक केंद्रांत सापडतो. वय तिशीच्या आसपास, छाती भरलेली, चालण्यात परेड. कारण सरांना मास्तर व्हायचंच नव्हतं. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मारणाऱ्या पोरांतले ते. सैन्यभरती तोंडावर असताना गावच्या जत्रेत मित्रांनी भरीस घातलं आणि पाळण्याशेजारी बसलेल्या गोंदणाऱ्यापुढे सरांनी हात धरला. सैन्यात कायमचं गोंदण चालतं, पण ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर पंजाच्या मागे. आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. सरांचा वाघ बसला हाताच्या बाहेरच्या बाजूला. मेडिकलला डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला, आणि सर डी.एड.ला लागले. पुढे टीईटी, अभियोग्यता चाचणी, आणि शिक्षकभरतीचं ते पोर्टल. त्याचं नाव ‘पवित्र’ आहे हे वाचून सरांना पहिला घाम फुटला म्हणतात.

लेझरने वाघ निघतो, पण एका बैठकीत नाही. आणि शिक्षणसेवकाचं मानधन १६,००० रुपये. म्हणून वाघ राहिला, बाही आली. आधी सर बँडेज बांधायचे, पण ‘भाजलेलं अजून बरं नाही का?’ असं सगळा गाव विचारायला लागला. स्नेहसंमेलनाला बायकोचं फाउंडेशन थापून पाहिलं, ते पाहुण्यांच्या शालीला लागलं. सगळ्यात अडचण फळ्याची. हात वर गेला की बाही खाली घसरते. त्यामुळे सरांचा सुविचार फळ्याच्या मधोमध सुरू होतो आणि गणिताचं उत्तर पार खाली, खडूच्या भुकटीजवळ येतं. मागच्या बाकावरची पोरं ते उभी राहून वाचतात.

१५ मार्च २०२४ चा पोशाखाचा शासन निर्णय आला तेव्हा सरांनी तो पाठ होईपर्यंत वाचला. जीन्स नको, टी-शर्ट नको, भडक नक्षीचे कपडे नकोत, शर्ट पँटमध्ये खोचा, नावाआधी ‘टि’ लावा. कातडीबद्दल अवाक्षर नाही! सर खूश झाले. पण मुख्याध्यापकांनी ‘तंबाखूमुक्त शाळा’ या पाटीखाली उभं राहून, तळहातावरची चिमूट दाढेखाली सारत निकाल दिला, “नक्षी ती नक्षी, सर. मुलांवर काय संस्कार होतील?”

मुलांना काय ते केव्हाच कळलेलं आहे. हातपंपावर तोंड धुताना सर बाही दुमडतात, आणि पहिलीतलं पोरही सरांना पाठीमागे ‘मांजर सर’ म्हणतं. जत्रेतल्या त्या कारागिराचा हात मोर आणि बदामात घातलेल्या नावांवर बसलेला होता, डरकाळीपर्यंत त्याची मजल गेली नाही. पालकसभेला आलेल्या एका आजीने तर सरांचा हात धरून बाही सरळ वर केली. आजींच्या स्वतःच्या कपाळावर गोंदण, हातावर तुळशीवृंदावन. बराच वेळ निरखून म्हणाल्या, “मांजर ग्वाड हाय मास्तर, पर मिशा ऱ्हायल्या की!” त्या दिवशी सरांना लष्कराच्या नकारापेक्षा जास्त लागलं.

गोंदणाला मर्यादा नसावी असं मी म्हणत नाही. फ्रान्समध्ये चेहऱ्यासकट अंगभर, अगदी डोळ्यांतही शाई भरून घेतलेल्या एका शिक्षकाला बालवाडीत शिकवायला बंदी झाली. तीन वर्षांच्या पोराला भयानक स्वप्नं पडली अशी पालकांची तक्रार होती. तिथे पालकांचं म्हणणं ऐकायला हवं. पण आपल्याकडच्या या मांजरीला कोण पोर घाबरणार? ज्यांच्या आज्यांनी हातभर गोंदवून चार-चार पोरं शाळेत धाडली, त्यांच्या नातवंडांच्या संस्काराची काळजी मुख्याध्यापकांनी करू नये. शिक्षणाधिकारी साहेबांना एवढीच विनंती, की सरांना बाह्या दुमडायची लेखी परवानगी द्यावी. त्यांच्या वर्गातला फळा वरून निम्मा कोरा आहे.