वहीत नसलेले चेंडू

अमरावतीच्या राजकमल चौकात चहा घेताना एक वाक्य वर्षभर कानावर पडतं. "आमच्या टायमाले दिवसभर फेकत होतो आम्ही. काही झालं का आम्हाले? आजकालचे पोट्टेच नाजूक."

अकोल्यात टपरी बदलते, वाक्य तेच राहतं.

2025 च्या इंग्लंड दौऱ्यात या वाक्याला भलताच भाव आला. जसप्रीत बुमराह पाचपैकी तीनच कसोट्या खेळला. मोहम्मद सिराज पाचही खेळला, 185.3 षटकं टाकली आणि ओव्हलवर शेवटच्या सकाळी सहा धावांनी सामना काढून दिला. लगेच निकाल लागला. सिराज पोलादाचा, बुमराह काचेचा.

त्याच बुमराहने काही महिने आधी ऑस्ट्रेलियात दीडशेहून जास्त षटकं टाकली होती. 32 बळी घेतले होते. सिडनीत पाठ धरली आणि चॅम्पियन्स ट्रॉफी हातची गेली. 2023 मध्ये याच पाठीवर शस्त्रक्रिया झालेली. हा माणूस कामचुकार?

मग कपिलदेवचं नाव निघतं. निघायलाच हवं. 131 कसोट्या, 434 बळी, दुखापतीमुळे एकही कसोटी चुकली नाही. 27 हजारांवर चेंडू टाकले या माणसाने. पण असा कपिल आपल्याला किती वर्षांत एकदा मिळाला? एकाच्या पाठीवरून सगळ्यांच्या पाठीचं माप काढायचं, हा कुठला हिशेब?

जुना काळ मोडत नव्हता, हेही खोटं. डेनिस लिली 1973 मध्ये कंबरेच्या मणक्याला तडा जाऊन महिनोन् महिने घरी बसला होता. तो लिली होता, म्हणून परत आला. आपल्याकडे ज्यांची कंबर गेली ते दुकानात बसले, शिक्षक झाले, एस.टी.त लागले. ते टपरीवर येऊन आपली गोष्ट सांगत नाहीत. टपरीवर बोलतो तो टिकलेला.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही हीच टपरी आहे. तिथला चेंडू फेकणारा पिचर म्हणजे आपला वेगवान गोलंदाजच. साय यंग नावाच्या पिचरने कारकिर्दीत 749 सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले. 2024 च्या मोसमात 30 संघांच्या सगळ्या पिचरनी मिळून असे सामने टाकले 28. म्हातारे तिथेही मान हलवतात.

पण तिथे आणखी एक गोष्ट झाली. 2007 पासून लिटल लीगमध्ये, म्हणजे शाळकरी पोरांच्या स्पर्धांत, चेंडू मोजणं सक्तीचं झालं. अकरा-बारा वर्षांच्या पोराला दिवसाला 85 चेंडूंची मर्यादा. 65 च्या वर गेला तर मध्ये चार दिवस विश्रांती. एवढं करूनही तिथे पोरांचे कोपर कापले जातात, कारण वेगाचा हव्यास सुटत नाही आणि मोसम संपत नाही. तरी मोजणी सुरू कुठून झाली ते बघा. पोरांपासून.

आपल्याकडे बुमराहचा चेंडूनचेंडू मोजला जातो. बोर्ड मोजतं, फिजिओ मोजतो, वाहिन्या मोजतात.

अकोल्याच्या सोळा वर्षांच्या पोराचे कोण मोजतं?

एका पोराचा आठवडा मी मांडून पाहिला. नाव सांगत नाही, तुमच्या गल्लीतलाच समजा. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी नेट. तिथे बॉलिंग मशीन नाही. मग जोरात टाकणारं पोरगं हेच मशीन. फी भरलेल्या फलंदाजांना सराव द्यायचा म्हणून रोज साठ-सत्तर चेंडू. शनिवारी शाळेची मॅच. रविवारी कुठल्या तरी चषकाची टेनिस बॉलची स्पर्धा, दिवसाला दोन सामने, वरून फायनल फ्लडलाइटखाली. पाच दिवसांच्या नेटचेच तीनशेहून जास्त चेंडू झाले. स्कोअरबुकात दिसले शनिवारचे तेवढे.

बाकीचे कुठल्याच वहीत नाहीत. पाठीला मात्र सगळे लागले.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा जमीन त्याला वजनाच्या पाच-सहा पट जोराने परत ढकलते. हा धक्का घोट्यातून, गुडघ्यातून थेट कमरेत जातो. त्याच क्षणी कंबर वाकलेली असते, पिळलेली असते. कमरेतलं हाड पंचविशीच्या आसपास कुठे पुरतं पक्कं होतं. सोळाव्या वर्षी ते कोवळं असतं. रोज थोडी चीर पडते, रात्री थोडी भरते. भरायला रात्र पुरेनाशी झाली की तडा जातो.

तडा गेला की घरचे एक्स-रे काढतात. एक्स-रेत बऱ्याचदा काही दिसत नाही, सुरुवातीचा तडा एमआरआयला दिसतो. "नॉर्मल आहे, बाम लावा." पोरगं पुढच्या रविवारी पुन्हा मैदानावर. सिलेक्शन आलंय ना!

हे गल्लीतल्या पोरांचंच होतं असंही नाही. 2018 चा 19 वर्षांखालील विश्वचषक आठवा. शिवम मावी आणि कमलेश नागरकोटी ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात चेंडू टाकत होते आणि देश टाळ्या वाजवत होता. पुढच्याच वर्षीची आयपीएल दोघांचीही पाठीने खाल्ली. त्याच स्पर्धेत ईशान पोरेल जखमी झाला तेव्हा बदली म्हणून बोलावणं आलं ते आपल्या अकोल्याच्या आदित्य ठाकरेला. त्याने नुकतंच इंदूरला दिल्लीविरुद्ध, थेट रणजीच्या फायनलमध्ये पदार्पण केलं होतं. विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली तो हा सामना. रजनीश गुरबानीची हॅटट्रिकही याच सामन्यातली. वऱ्हाडात वेग आहे. पण जपतंय कोण?

आणि उमेश यादव. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, विशीच्या आसपास येईपर्यंत टेनिस बॉलच खेळला. लेदरचा चेंडू हातात आला तेव्हा शरीर तयार झालेलं होतं. पुढे 57 कसोट्या, 170 बळी. 2019 च्या रणजी उपांत्य सामन्यात वायनाडला केरळला एकट्याने 12 बळी घेऊन झोपवलं. उशीर झाला म्हणूनच टिकला, असं मी म्हणणार नाही. पण जे आईबाप बारा वर्षांच्या पोराला "आत्ताच नाही सुरू केलं तर मागे पडेल" म्हणून रोज पळवतात, त्यांनी उमेशच्या गोष्टीतलं वय एकदा नीट वाचावं.

इंग्लंडच्या बोर्डाने वयाप्रमाणे स्पेल ठरवून दिले. सोळाव्या वर्षी सलग सात षटकं, पुढे थांबायचं. आपल्याकडे सातव्या षटकानंतर कप्तान काय म्हणतो? "अजून एक टाक ना बे, सेट बॅट्समन आहे."

मोजणं ही गोऱ्यांची टूम आहे, असं तर अमरावतीने मुळीच म्हणू नये. 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या गावात आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी इथली पोरं देशी खेळ दाखवून आली. तालमीत काय व्हायचं? वस्ताद जोर मोजायचा, बैठका मोजायचा. नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर जोर मारू द्यायचा नाही. अंग दुखलं तर मालिश, आणि ठणकलं तर सरळ सुट्टी. आखाड्यात जे आजोबांना कळत होतं ते नेटमध्ये नातवाच्या कोचला कळू नये?

खर्च किती? वीस रुपयांची वही. तारीख, चेंडू, दुखलं का. तीन रकाने. शाळा, क्लब आणि चषकवाले तिघांनी एकाच वहीत लिहायचं. एमआरआयच्या पैशात अशा वह्या जिल्हाभर वाटून होतील.

त्या पोराला मी मागच्या रविवारी विचारलं, या आठवड्यात किती चेंडू टाकले? तो उजवा हात कमरेवर दाबून उभा होता. आठवलं नाही त्याला. "टाकले असतीन खूप," म्हणाला.

शेजारी त्याची आई डबा घेऊन उभी होती. तिला एकूण चेंडू माहीत नव्हते, षटकं माहीत नव्हती. गुडघ्यावरचा काळ्या मातीचा डाग दाखवत ती म्हणाली, "भाऊ, सोमवारपासून सहा डाव धुतला हा ड्रेस."