बारमाही घट

गेल्या मे महिन्यात एका लग्नात पंगत बसली होती. वरच्या मजल्यावरचे काका माझ्या शेजारी. त्यांनी खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं, समोरच्या पेल्यात बुडवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ''चारशे वीस!'' वाढायला आलेल्या वरपित्याचा चेहरा पडला. शेवटी मला सांगावं लागलं, की हे पाण्यातल्या क्षारांचं माप आहे, आपल्याबद्दल काही नाही.

काका घटपर्णी पाळतात. लावतात नव्हे, पाळतात. मोगरा लावणारा माणूस निवांत असतो, घटपर्णीवाल्याच्या खिशात मीटर असतो. झाडाला पन्नासच्या आतलं पाणी लागतं, म्हणून घरातल्या आरओचा पहिला तांब्या तिचा. पावसाळ्यात गच्चीवर बादल्या मांडलेल्या असतात. पाहुण्यांना मात्र नळाचं पाणी. ''तुम्हाला चालतं,'' काका म्हणतात.

खरं तर हे झाड त्यांनी डासांसाठी आणलं होतं. नर्सरीवाल्यानं सांगितलं, डास खातं. तीन वर्षांत तिनं डास किती खाल्ले याची नोंद काकांच्या वहीत आहे: दोन, त्यातला एक संशयित. मुंग्या मात्र भरपूर. पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या सुरईच्या काठाशी गोड रस पाझरतो, त्याला भुलून मुंगी येते. काठ ओला असला की पावसाळ्यातल्या पुण्याच्या रस्त्यावरून दुचाकी जावी तशी ती आत जाते. आतली भिंत मेणचट, तळाशी पाचकरस. हे सांगताना काका स्वतः किंचित घसरून दाखवतात. सोफ्यावरून.

पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: ''झाकण कधी मिटतं हो?'' काका डोळे मिटतात. ते झाकण मिटत नाही. पावसाचं पाणी पडून रस पातळ होऊ नये म्हणून ती छत्री आहे. मिटतो तो व्हीनस फ्लायट्रॅप, त्याचं खानदान वेगळं. दुसरा प्रश्न: ''कासला असते ना ही?'' कासला दवबिंदू असतं, सीतेची आसवं असतात. सीतामाईचं नाव लावून ओल्या मातीतले बारीक जीव गिळणारं ते झाडही मांसाहारीच, पण घटपर्णी नव्हे. भारतात घटपर्णीची जंगली जात एकच, मेघालयातली. तिथं बाघमाऱ्याला तिच्यासाठी अभयारण्य आहे. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी, म्हणजे भुताची टोपली म्हणतात. काकांची मात्र नर्सरीतली संकरित, व्हेंट्राटा. जंगलातून उपटलेलं रोप घेणाऱ्याला ते दारातही उभं करणार नाहीत. मेघालयातलं बाकी सगळं काकू विसरल्या, 'भुताची टोपली' तेवढी त्यांनी उचलली.

काकूंची बाजूही ऐकली पाहिजे. घटपर्णीचं नेपेंथिस हे शास्त्रीय नाव लिनियसनं १७३७ मध्ये दिलं. होमरच्या काव्यात हेलन दारूत एक औषध मिसळते, दुःख विसरायला लावणारं, त्यावरून. काकांनी हे चहाच्या वेळी सांगितलं. काकू म्हणाल्या, ''दुःखाचं माहीत नाही, पण काल दूध आणायचं विसरलात ते हिच्यामुळेच.''

पण काकूंचाही जीव आहे तिच्यावर. दोन महिने नवी सुरई धरली नाही, तेव्हा त्यांनी हळूच तिला तांदळाचं धुवण घातलं. कढीपत्त्याला चालतं, जास्वंदीला चालतं, या बिचारीनं काय पाप केलंय! काका घरी आले, कुंडीचा वास घेतला आणि मटकन खाली बसले. मग रात्री अकरापर्यंत दहा लिटर आरओचं पाणी ओतून कुंडी धुतली. या झाडाच्या मुळांना श्रीमंती सोसत नाही. जिथं मातीत नत्र जवळजवळ नाहीच अशा जागी ती वाढते, म्हणून तर तिनं पानाची सुरई केली. खत घातलं की मुळं जळतात. ''तिला गरिबीतच ठेवायचं,'' काका सांगतात. त्या गरिबीसाठी मॉस, परलाइट, दिवा आणि वाफेचं यंत्र एवढंच आणावं लागलं.

काका घरात अंडंसुद्धा आणू देत नाहीत. तरी मिक्सरमागच्या मेलेल्या मुंग्या चिमट्यानं उचलून सुरईत सोडताना मी त्यांना पाहिलंय. ''मी मारत नाही,'' ते म्हणाले, ''फक्त वाढतो.'' एकादशीला तेही नाही.

एकदा डेंग्यूची तपासणी करायला एक मुलगा आला. कूलर बघितला, फ्रिजमागचा ट्रे बघितला, मग सुरईत बॅटरी मारली. ''काका, पाणी साचलंय. ओतून टाका.'' काका ताठ झाले. ''ते पाणी नाही. जठररस आहे.'' मुलानं कागदावर काय लिहिलं ते कळलं नाही, पण पुढच्या वेळी त्यानं आमच्या मजल्यावरूनच काढता पाय घेतला.

काकांचं खरं दुखणं पुण्याची हवा. सुरईचं बोंड शेंगदाण्याएवढं होतं आणि एप्रिल लागला की वाळतं. नवरात्रात घरोघरी घट बसतात, काकांचे बसत नाहीत. दीड वर्षापूर्वी ठाण्याच्या मेव्हण्यानं एक फांदी नेली. सोबत काकांनी दोन पानी सूचना दिल्या. त्या मेव्हण्यानं वाचल्या नसाव्यात. परवा त्याचा फोटो आला: बाल्कनीत कपड्यांच्या दोरीला टांगलेली कुंडी, वर ओले टॉवेल, आणि अकरा सुरया. खाली मजकूर, ''भाऊजी, हिला अजून काही घालायचं असतं का?''

काकांनी फोन उलटा ठेवला. ''खाडीची हवा आहे,'' म्हणाले, ''त्यात त्याचं काय कर्तृत्व?''

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तर त्यांच्या बाल्कनीत चार स्वच्छ चादरी ओल्याच लटकत होत्या, खाली कुंडी. काकू दारातच म्हणाल्या, ''धुतलेल्याच होत्या. कपाटातून काढून पुन्हा भिजवल्यात.''

आतून काकांचा आवाज आला, ''आणि शेवटचं पाणी आरओचं!''