टायवाला लीडर

मे महिना, दुपारचे दोन, बार्शीचं एसटी स्टँड. रसवंतीची घुंगरंसुद्धा उन्हानं दमलेली. अशा वेळी पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याशी आवळलेला टाय आणि काळे बूट घालून एखादा तिशीतला माणूस उसाचा रस पिताना दिसला, तर तो वकील नसतो. औषध कंपनीचा एमआरही नसतो. एमआरचा टाय या दिवसांत बॅगेत असतो. तो लीडर असतो. कशाचा, हे विचारू नये. विचारलंच तर "बिझनेस" म्हणतो. कसला, असं विचारलं तर "फोनवर नाही सांगता येणार" म्हणतो. समोर उभा असतानासुद्धा.

लीडरच्या तोंडी 'नोकरी' हा शब्द शिवीसारखा येतो. नऊ ते पाचची गुलामी, साहेबाची हांजी हांजी वगैरे. पण माणसं गोळा करायला मात्र त्याला नोकरीच लागते. स्टँडच्या खांबावरचा कागद त्यानंच चिकटवलेला असतो : 'पाहिजेत. पार्टटाइम, फुलटाइम. शिक्षणाची अट नाही. महिना १५ ते २५ हजार.' खाली मोबाइल नंबर आणि 'एचआर मॅनेजर'. मॅनेजर तोच, एचआर तोच, डिंक लावणाराही तोच.

मुलाखत मंगल कार्यालयात होते. साठ पोरं येतात आणि साठच्या साठ पास होतात. खरं तर तिथंच उठून चालू पडावं. शिपायाच्या जागेसाठी पदवीधर रांग लावतात अशा मुलखात सरसकट सगळ्यांना घेणारी नोकरी म्हणजे नोकरी नव्हेच. पण पंखे चालू असतात, समोसा मिळणार असतो, आणि स्टेजवर कुणीतरी परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो दाखवत असतो. पगार किती, असं एखाद्यानं धीर करून विचारलं, की उत्तर येतं, "तो तुम्ही ठरवायचा!" टाळ्या. पोरानं मनात ठरवलेला असतो अठरा हजार. नेमणूकपत्राच्या जागी मात्र एक फॉर्म येतो आणि पगाराच्या जागी साडेसहा हजारांचं पॅकेज. ते पोरानंच भरायचं. सामील होण्यासाठी फी घेऊ नये, असं केंद्र सरकारनं २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगून ठेवलंय. लीडरला त्याचं काही वाटत नाही, कारण ही फी नाहीच, ही 'प्रॉडक्टची किंमत' आहे. टूथपेस्ट, शांपू आणि प्रोटीनचा एक डबा.

मग प्लॅन. लीडर प्लॅन सांगत नाही, 'दाखवतो'. कागद म्हणून उलटी केलेली लग्नपत्रिका चालते. मधे एक गोल, तो तू. खाली सहा गोल. "फक्त सहा माणसं! सहा माणसं नाहीत तुझ्या ओळखीची?" सहा कुणाच्याही ओळखीची असतात. त्या सहांची छत्तीस, छत्तिसांची दोनशे सोळा, इथवर पत्रिकेवर जागा असते. तिथं पेन थांबतं आणि 'असं चालूच राहतं' म्हणून खाली बाण येतो.

तो बाण जरा पुढं न्यावा. नवव्या पायरीला एक कोटीच्या वर माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत अख्खा पुणे जिल्हा चौऱ्याण्णव लाखांचा होता. अकराव्या पायरीला छत्तीस कोटी, म्हणजे तान्ह्या पोरांसकट महाराष्ट्र संपून वर निम्म्याहून जास्त माणसं परराज्यातून आणायची. तेराव्या पायरीला तेराशे कोटी. एवढी माणसं पृथ्वीवरच नाहीत. 'डाउनलाइन' जोडायला मग चंद्रावर सेमिनार घ्यावा लागेल, आणि तिथं समोसे कोण पोचवणार?

लीडर लबाड असतो असं मात्र नाही. खरी अडचण तीच आहे. लबाड माणूस ओळखता येतो. लीडरचा मनापासून विश्वास असतो. त्याच्या पलंगाखाली सत्तावीस टूथपेस्टी असतात. महिन्याचे 'पॉइंट' पुरे व्हावेत म्हणून दर तीस तारखेला त्यानं स्वतःच घेतलेल्या. प्रोटीनच्या डब्यांवरची मुदत उलटत आली, की घरचे सगळे प्रोटीन पितात. कंपनीचं सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक कोण, तर लीडर.

शंका काढली, की तो फाइल उघडतो. कंपनीच्या नोंदणीचा दाखला, जीएसटी, पॅन. सगळं लॅमिनेट केलेलं. नोंदणी झाली म्हणजे कंपनी आहे एवढंच ठरतं, धंदा सरळ आहे हे नव्हे; पण लॅमिनेशनपुढं माणूस गप्प होतो. एखाद्यानं २०११च्या स्पीक एशियाची आठवण काढली, अकरा हजार भरून घरबसल्या सर्व्हे भरायचा तो प्रकार, तर लीडर म्हणतो, "ती फ्रॉड होती." २०२५च्या जानेवारीत दादरमध्ये टोरेसच्या बंद शोरूमपुढं जमलेली गर्दी? खड्यांवर दर आठवड्याला परतावा मिळणार होता, माणसं आणली तर वर आणखी. "तीपण फ्रॉड होती. आपली वेगळी आहे." ती गर्दीही बंद दारापुढं येईपर्यंत हेच म्हणत असणार.

एका लीडरची गाठ मात्र मावशीशी पडली. मावशीनं पोस्टाच्या आरडीची एजंट म्हणून अख्खी हयात दारोदार फिरण्यात घालवलेली. शंभराला चार रुपये कमिशन, पायात स्लीपर, पिशवीत शंभर पासबुकं. भाचा टाय सैल करत सोफ्यावर बसला आणि पत्रिका उलटी करू लागला.

"थांब," मावशी म्हणाली. "आधी ओळखपत्र दाखव."

"मावशी, मी तुझा भाचा!"

"भाचा म्हणून आलास तर पोहे टाकते. विकायला आलास तर कार्ड दाखव. आणि येण्याआधी विचारायचं असतं."

मावशीचं चुकलं नव्हतं. डिसेंबर २०२१मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांत ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ नये, असंच म्हटलंय. त्याच नियमांनी पिरॅमिड पद्धतीलाही बंदी आहे. पैसे फिरवण्याच्या योजना तर १९७८च्या कायद्यानंच गुन्हा ठरल्या, तीन वर्षांपर्यंत कैद. मावशीनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. तिनं नुसतं आपलं जुनं कार्ड टेबलावर ठेवलं. कडा झिजलेल्या, फोटोत केस काळे.

"बरं, मला सांग. तुझ्या साखळीत न शिरता, नुसती पेस्ट बरी वाटली म्हणून पेस्ट घेणारं गिऱ्हाईक किती?"

अमेरिकेत १९७९ साली ॲमवेच्या खटल्यात घोडं जवळजवळ याच प्रश्नावर अडलं होतं. तिथल्या व्यापार आयोगानं कंपनीला पिरॅमिड ठरवलं नाही, त्याच्या कारणांत कंपनीचा एक नियम होता : विक्रेत्यानं दरमहा दहा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना माल विकल्याचं दाखवायचं. भाच्याला दहा नको होते. एक पुरला असता.

"अगं, जे घेतात ते जॉइनच होतात. मेंबरला स्वस्त पडते ना."

"म्हणजे एकही नाही." मावशीनं भिंतीवरचं कालनिर्णय काढून पाठीवर हिशेब मांडला. गेल्या महिन्याचं कमिशन १,८४०. स्वतः घेतलेला माल ३,२००. पेट्रोल ९००. सोलापूरच्या सेमिनारचं तिकीट ५००. "टाय कितीचा?"

"तो अपलाइननं दिला."

"फुकट?"

"... तीनशे."

मावशीनं तीनशे मांडले, रेघ ओढली आणि बेरीज न सांगता कांदा चिरायला आत गेली. भाचा कालनिर्णयाकडं बघत बसला. मग पोहे आले, वर खोबरं. खाऊन झाल्यावर मावशीनं एक टूथपेस्ट उचलली, छापील किंमत चष्म्यातून वाचली आणि पदराच्या गाठीतून एकशे चाळीस रुपये मोजून दिले. "फॉर्म नको. बिल दे."

तीन वर्षांत बिल कुणी मागितलंच नव्हतं. त्यानं बॅग उलटीपालटी केली. फॉर्मचे दोन गठ्ठे निघाले, प्लॅनचं पुस्तक निघालं, बिलबुक नाही. शेवटी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या कोपऱ्यावर 'पेस्ट १, रु. १४०, मिळाले' असं लिहून त्यानं सही केली.

जिन्यातच अपलाइनचा फोन आला. "काय लीडर, झालं का जॉइनिंग?"

"नाही सर. विक्री झाली."

पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग प्रश्न आला, "म्हणजे?"