घर पाडा, मीटर सांभाळा

घर पाडायला आपल्याकडे एक दिवस पुरतो. जेसीबीवाला सकाळी चहा पिऊन कामाला लागतो आणि आजोबांनी पोटाला चिमटा काढून बांधलेल्या घराचा संध्याकाळपर्यंत राडारोडा करून, वर डिझेलचे पैसे वेगळे मागून निघून जातो. घराची मुळं जेसीबीला लागत नाहीत. ती वीज कार्यालयात आणि नगरपालिकेत असतात.

आमच्या मेहुण्यांच्या नव्या घराचा नकाशा मंजूर झाला, कर्ज झालं, मुहूर्तही निघाला. मग कुणीतरी विचारलं, ‘लाइटचं काय करणार?’ तेव्हापासून मेहुणे घरी कमी आणि वीज कार्यालयाच्या बाकावर जास्त सापडतात.

घरातला मेन स्विच बंद केला म्हणजे वीज तुटली असं होत नाही. खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर जिवंतच राहते. ती खांबावरूनच उतरवावी लागते आणि ते काम वीज कंपनीच्या माणसाचं. ठेकेदार मात्र ‘फ्यूज काढून खिशात ठेवलाय, काही होत नाही’ असं सांगतो आणि पहिला घण मारायला दुसऱ्याच्या पोराला पुढे करतो.

रीतसर तोडायची तर मीटर ‘पीडी’ करायचा, म्हणजे कायमचा बंद. त्याला शेवटचं रीडिंग लागतं, थकबाकी शून्य लागते आणि ज्याच्या नावावर बिल आहे त्याची सही लागते. इथे बिल मेहुण्यांच्या आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन पस्तीस वर्षं झाली, पण त्यांचं एकही बिल थकलेलं नाही. कार्यालयाच्या लेखी ते हयात आणि आदर्श ग्राहक आहेत. त्यांच्या अनामतीवरचं व्याज अजून त्यांच्याच बिलात वळतं होतं. मृत्यूचा दाखला पाहून टेबलामागच्या बाईंना नातवापेक्षा जास्त वाईट वाटलं. आधी नाव बदला, मग तोडा, असं ठरलं. नावासाठी वारसांची संमती हवी. वाटणीपासून एकमेकांचं तोंड न पाहिलेली सांगलीची आत्या आणि ठाण्याचे काका त्यानिमित्ताने फोनवर तरी आले.

एवढ्यात गल्लीतल्या जाणत्यांनी मेहुण्यांना बाजूला घेतलं. ‘अहो, पीडी करूच नका.’ मीटर गेला की बिल गेलं, आणि बिल गेलं की रहिवासाचा पुरावा गेला. बँक, शाळा, गॅस, सगळीकडे तुम्ही राहता ते त्या कागदावर. म्हणून आमच्या गल्लीत पाडलेल्या घराचा मीटर शेवग्याला टांगलेला असतो. झाडाला फळी ठोकलेली, फळीवर मीटर, त्याच्यावर पत्र्याचा तुकडा आणि पावसासाठी निवडणुकीतल्या फ्लेक्सचं कापड, त्यावर हात जोडलेला उमेदवार. (गल्लीच्या विजेसाठी त्याने केलेलं हे एकमेव काम.) त्याच मीटरवरून पाण्याची मोटर, व्हायब्रेटर आणि वॉचमनचा बल्ब. पावसात शेवग्याला हात लावायचा नाही, हे गल्लीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

सरळ वाटही आहे. बांधकामापुरती तात्पुरती जोडणी घ्यायची, घरगुतीपेक्षा चढा दर सोसायचा आणि घर झालं की कायमचा मीटर मागायचा. वीजग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे नियम 2024 साली सुधारले गेले. नवी जोडणी महानगरात 3 दिवसांत, इतर नगरपालिका हद्दीत 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत द्यावी, असं त्यात आहे. फक्त हे दिवस ‘परिपूर्ण’ अर्जापासून मोजायचे. अर्ज कधी परिपूर्ण झाला हे अर्ज घेणाराच सांगणार, आणि त्याची घाई त्याला नसते.

पाण्याचा मामला कागदाच्याही पलीकडचा. जुनी नळजोडणी मुख्य वाहिनीवरच्या फेरूलपाशी, म्हणजे ती जिथून निघते तिथेच, बंद करायची, पण फेरूल डांबराखाली नेमका कुठे, हे नकाशा सांगत नाही. सांगतो तो चावीवाला. तो आला, रस्त्यावर दोनदा टाच आपटून म्हणाला, ‘इथं असंल.’ तिथे नव्हता. जेसीबीने मात्र दोन हात पलीकडे एका फटक्यात शोधून दिला आणि गल्लीला त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण दाबाने पाणी मिळालं, रस्त्यावर.

शेवटी घर पडलं. आता घरपट्टी तरी मोकळ्या जागेची लागावी म्हणून मेहुणे नगरपालिकेत गेले.

‘घर पाडल्याचा पुरावा?’

मेहुण्यांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. मातीचा ढीग, कडेला शेवगा.

‘यात घर कुठंय?’

‘पाडलंय ना, साहेब.’

‘मग पाडलेलं घर तुमचंच होतं कशावरून? लाइट बिल आणा. चालू महिन्याचं.’