रा. रा. रनफ्लॅटराव टायर यांस अनावृत पत्र

रा. रा. रनफ्लॅटराव यांस,
कृ. सा. न. वि. वि.

आपण आमच्या घरी आलात ते गाडीबरोबर. गाडी जर्मन, बऱ्यापैकी जुनी, आधीच्या मालकाने ‘एकदम मेन्टेन्ड’ म्हणून विकलेली. नवी असताना ती ज्या भावाने शोरूममधून बाहेर पडली असेल, त्याच्या पाव भावात आमच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. गाडीची किंमत दरसाल उतरते म्हणून तर आमच्यासारख्यांची हौस भागते. आपली किंमत मात्र उतरत नाही. गाडी तिसऱ्या हाताची असो की चौथ्या, आपण दर वेळी पहिल्याच हाताचे. म्हणून आपल्याला मी मनातल्या मनात जावईबापू म्हणतो. सासऱ्याची परिस्थिती काहीही असो, मानपान ठरल्याप्रमाणे झालाच पाहिजे. अधिक महिना सुमारे पावणेतीन वर्षांनी येतो. आपला धोंडाही साधारण तेवढ्याच अंतराने निघतो, आणि तो चौघा भावांचा एकदम.

यंदा तो निघाला आहे. कायद्याला १.६ मिलिमीटरच्या खाली झिजलेली नक्षी चालत नाही आणि आपण चौघेही गोटा होण्याच्या बेतात आहात. दुकानदाराने नव्या जोडांचा आकडा कागदावर लिहून दिला. बोलून दाखवला नाही. अनुभवी माणूस असावा.

आधी आपले गुण सांगतो, नाही तर लोक म्हणतील सासऱ्याने नुसती उणीदुणी काढली. साध्या टायरमधली हवा गेली की त्याचे गाल बसतात आणि रिम रस्त्याला टेकते. आपले गाल जाड, आतून रबराने भरलेले. हवा पूर्ण गेली तरी गाडीचा भार आपण त्या गालांवर पेलता आणि ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून सुमारे ८० किलोमीटर नेऊन सोडता. भर वेगात हवा गेली तरी स्टिअरिंग हातातून सुटत नाही. रात्री उशिरा एकटीने कसारा घाट उतरणाऱ्या बाईला किंवा अवेळी फोन येणाऱ्या डॉक्टरला रस्त्याच्या कडेला जॅक लावत बसावे लागत नाही. हे खरे मोल आहे. त्या दोघांनी मला विचारले तर मी आपलीच शिफारस करीन, पैसे गेले तरी.

पण ते ८० किलोमीटर जर्मनीतले आहेत. तिथे तेवढ्या अंतरात आपल्या मापाचे दुकान सापडते. आमचा समृद्धी महामार्ग मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. समजा, मेहकरच्या अलीकडे-पलीकडे खिळा घुसला आणि आपण हिमतीने सिंदखेडराजापर्यंत आणून सोडलेत. जिजाऊंचे जन्मस्थान आहे, दर्शन जरूर घ्यावे. पण २२५/४५ आर १७ मापाचा रनफ्लॅट तिथे कोणत्या दुकानात टांगलेला असेल, असे मला वाटत नाही. तो संभाजीनगरहून किंवा पुण्याहून मागवायचा, तोवर लॉजवर राहायचे. बरे, तेच पंक्चर काढून पुढे जावे म्हटले, तर हवेविना चाललेल्या आपल्यासारख्यांना दुरुस्त करू नये, असे बहुतेक टायर कंपन्यांचे म्हणणे. आतले गाल रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिरडून किती खचले आहेत हे बाहेरून कळत नाही. साधा ट्यूबलेस टायर अशा वेळी काय करतो? खिळा पोटात धरून हळूहळू हवा सोडतो. गाडीवाल्याने पंपाने हवा भरावी, पहिल्या पंक्चरवाल्याकडे थांबावे, शे-दोनशे रुपयांत पट्टी घालून घ्यावी, आणि जेवायला नागपूर गाठावे.

आपले रुसवे-फुगवेही काही थोडे नाहीत. २२५ रुंदीच्या टायरच्या ४५ टक्के म्हणजे गालाची उंची जेमतेम दहा सेंटिमीटर, आणि तो गालही ताठ. मुंबई-गोवा महामार्गावरचा खड्डा आपण स्वतः सोसत नाही. तो धक्का रिमला देता, रिम तो आमच्या कमरेला देते. त्यातूनही खड्डा खोल असला तर आपल्या गालावर फुगा येतो, आतल्या दोऱ्या तुटल्याची ती खूण. मग आपल्याला बदलायचेच, कारण फुग्याला पंक्चरवाला हात लावत नाही आणि वॉरंटीवाला त्याला ‘रस्त्यामुळे झालेली इजा’ म्हणतो. रिम वाकली तर ठोकून सरळ करणारे कारागीर आहेत, त्यांचा धंदा आपल्यामुळे बरा चालतो. हवा गेलेली आपल्या चेहऱ्यावर दिसत नाही म्हणून गाडीला टायरप्रेशर सांगणारी यंत्रणा लावावी लागते, आणि ती दिवा लावून कळवते की जावयाचे बिनसले आहे.

माहेरची खबरही मी काढली. बीएमडब्ल्यूने या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्याला घराघरांत पाठवले. त्याच कंपनीच्या ‘एम’ नावाच्या गाड्या, म्हणजे ज्यांच्यावर तिचा सगळा अभिमान, त्यांना मात्र तिने आपल्याला सहसा दिले नाही. वळणावर पकड हवी, वजन कमी हवे, म्हणून तिथे साधेच टायर. स्वतःच्या लाडक्या लेकीला जे स्थळ नको, ते आमच्या गळ्यात! आपल्या घराण्याची एक चुलत शाखाही होती, मिशेलिनची पॅक्स. टायरच्या आत एक आधाराचे कडे, त्याला खास रिम, ती चढवायला खास यंत्र. होंडाने अमेरिकेत ओडिसीच्या टूरिंग गाड्यांना ती बसवली. नवा टायर घ्यायची वेळ आली तेव्हा गिऱ्हाइकांना पर्यायच उरला नाही, प्रकरण कोर्टात गेले आणि २००७-०८ च्या सुमारास मिशेलिनने तो नाद सोडला. आपण त्या मानाने गरीब म्हणायचे. आपल्या रिमवर निदान दुसऱ्या कोणाला बसता येते.

हीच गोष्ट आम्हाला फार उशिरा कळते आणि तिथेच आपल्या मानपानाला सुरुंग लागतो. रनफ्लॅटसाठी घडवलेल्या रिमच्या कडेला जरा उंच उंचवटा असतो, आपण निसटू नये म्हणून. त्यावर त्याच मापाचा साधा ट्यूबलेस व्यवस्थित बसतो. उलट करू नये, म्हणजे साध्या रिमवर आपल्याला चढवू नये, एवढेच. शोरूमच्या काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही. तिथे विचारले की फक्त ‘सर, कंपनी रेकमेंड करत नाही’ असे उत्तर येते आणि चहा येतो.

आता हिशोब. दुकानागणिक भाव वेगळा, तरी आपण एक भाऊ वीस हजारांच्या आसपास. त्याच मापाचा चांगल्या कंपनीचा साधा टायर दहा-बारा हजारांत. चौघांमागे बत्तीस ते चाळीस हजार सुटतात. त्यातून दोन-तीन हजारांचा बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप, काही शे रुपयांची पट्ट्या आणि सुया असलेली पंक्चरची पेटी, आणि जमले तर एक पातळ स्टेपनी, जॅक, पाना. एवढे करूनही वर पैसे उरतात. आपला भाव चढला त्याला सरकारचाही हात आहे: जून २०२० मध्ये मोटारींच्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘निर्बंधित’ केली, तेव्हापासून परदेशी मापांसाठी दुकानात ताटकळणे आले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जरा हायसे वाटले. तरी वीस हजारांवर अठरा टक्के हा करही आमच्या घरच्या वाणसामानाएवढा होतो.

स्टेपनी नसेल तर पोलीस धरतील, अशी भीती शेजारचे काका घालतात. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीत टायरप्रेशर सांगणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस दुरुस्तीची पेटी असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. म्हणजे आपल्याला रजा दिली म्हणून आम्ही बेकायदा होत नाही. पेटी मात्र डिकीत असली पाहिजे, घरच्या माळ्यावर नव्हे.

रजेच्या अटी लिहून ठेवतो, कारण आपल्या जागी येणाऱ्यांवरही माझा फारसा विश्वास नाही. माप तेच राहील. भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर, समजा ९१ डब्ल्यू, त्याहून कमी चालणार नाही, मग दुकानदार कितीही ‘चालतंय हो’ म्हणो. आपल्यातले दोन भाऊ ठेवून दोन साधे आणायचे, असली आंतरजातीय तडजोड आम्ही करणार नाही. आपले गाल ताठ, त्यांचे लवचीक, वळणावर गाडीचे दोन टोकांना दोन स्वभाव होतील. चौघेही एकदम जाल. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांकडे आमचे लक्ष राहील: ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सवलतीच्या नावाखाली गोदामात वय झालेला माल खपवतात. आपल्याला उतरवताना टॉमी घालून उपटणाऱ्याकडे जाणार नाही. आपल्या ताठपणाला मदतीचा हात असलेले यंत्र लागते, नाही तर रिमच्या काठाला ओरखडे पडतात. आणि स्टेपनी घेताना बोल्टचे वर्तुळ मोजून घेऊ. बीएमडब्ल्यूच्या जुन्या गाड्यांत ते १२० मिलिमीटर, नव्यांत ११२. आठ मिलिमीटरचा फरक रात्री खंडाळ्यात कळला तर काय उपयोग?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा नाना पेठेत आपले ‘वापरलेले, पण नव्यासारखे’ भाऊबंद निम्म्या भावात मिळतात, असे मित्र सुचवतो. मिळतही असतील. पण एकदा हवेविना धावलेला रनफ्लॅट बाहेरून चकचकीत दिसू शकतो. आत हात घातला तर काळी रबराची पूड लागते, गालाच्या आत गोल वळ दिसतो. टायर रिमवर चढवलेला असेल तर ते तपासायचे कसे? मित्राला मी नम्रपणे नाही म्हटले. तो आता माझ्याशी जरा तुटक बोलतो.

आपल्यालाच ठेवून घ्यायचे असेल त्यांना स्वस्ताईचा एक मार्ग आहे: बाजूला गाडीवाल्या कंपनीच्या मान्यतेचा तारा असलेलाच नग हवा, हा हट्ट सोडावा, आणि देशी पर्याय विचारावा. सिएटनेही २०२५ मध्ये रनफ्लॅट बाजारात आणले आहेत. मला मात्र आता कोणाचाही जावई नको, घरजावई तर नकोच.

तरी येत्या शनिवारी सकाळी आपण चौघांनी टायरच्या दुकानात हजर राहावे. टायरप्रेशर सांगणारी यंत्रणा आम्ही ठेवून घेत आहोत, ती आपल्या हुंड्यात नव्हती. जुन्या टायरचे दुकानदार प्रत्येकी काही शे रुपये देतो म्हणाला. ते आम्ही अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगच्या बिलात वळते करून घेऊ. स्टेपनीमुळे डिकीतली जागा जाईल, तेव्हा गणपतीला कोकणात जाताना एक बॅग मागच्या सीटवर सासूबाईंच्या पायाशी येईल. त्यांना मी अजून सांगितलेले नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एका जुन्या जर्मन गाडीचा मालक

ता. क. मागच्या डाव्या बंधूंच्या पोटात एक खिळा आहे. दुकानापर्यंत पोचेपर्यंत तो कोणी काढू नये, हवा त्यानेच धरून ठेवली आहे.