भिंत रिकामी करणारी बाई

देणगीआधी पाटी कुठे लागणार हे विचारणाऱ्यांच्या जगात चित्रसंग्राहक अ‍ॅग्नेस गुंड यांनी २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या घरातलं एक चित्र विकलं. रॉय लिक्टेनस्टाइनचं १९६२ चं ‘मास्टरपीस’. किंमत साडेसोळा कोटी डॉलर. त्यातले दहा कोटी त्यांनी एका निधीत घातले आणि त्याला स्वतःचं नाव दिलं नाही. नाव ठेवलं ‘आर्ट फॉर जस्टिस’. काम एकच : अमेरिकेच्या तुरुंगांत कोंबलेल्या माणसांची संख्या कमी करणं.

ही माणसं सुमारे वीस लाख. त्यांत कृष्णवर्णीय लोकसंख्येतल्या वाट्याच्या मानाने कितीतरी जास्त. गुंड यांची सहा नातवंडं कृष्णवर्णीय. एव्हा डुव्हर्ने यांचा याच विषयावरचा ‘थर्टीन्थ’ हा माहितीपट पाहिल्यावर ते आकडे या आजीला परके कसे वाटावेत?

पैसा गेला तो दुखण्याच्या मुळाशी. जामिनाची रक्कम नाही म्हणून गरीब माणूस खटल्याआधीच आत सडतो, ती पद्धत बदलणाऱ्यांकडे. कोवळ्या पोरांना जन्मठेप देणाऱ्या कायद्यांशी भांडणाऱ्यांकडे. तुरुंगातून सुटलेल्या कलावंतांकडेही. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण कैद्यांना ब्लँकेटं वाटून फोटो काढणं सोपं असतं. कायदा बदलायला निघालं की सत्ताधारी दुखावतात.

आणि निधी बंदही झाला, ठरवून, २०२३ मध्ये. तोवर साडेबारा कोटींहून जास्त डॉलर वाटून झाले होते. अमेरिकेत खासगी प्रतिष्ठानांनी वर्षाला मालमत्तेच्या सुमारे ५ टक्के खर्च केले की कायद्याचं समाधान होतं. बाकीचा पैसा बाजारात पिढ्यानपिढ्या वाढत राहतो. अन्याय आज आहे, तर पैसा शंभर वर्षं पुरवायचा कशाला?

याच शहरात मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या दालनांवर सॅकलर घराण्याचं नाव झळकत होतं. त्यांच्या कंपनीच्या ‘ऑक्सिकॉन्टिन’ गोळ्यांनी घरंच्या घरं व्यसनात बुडवली. छायाचित्रकार नॅन गोल्डिन स्वतः त्या गोळ्यांच्या व्यसनातून वाचलेल्या. २०१८ मध्ये त्यांनी संग्रहालयातल्याच हौदात गोळ्यांच्या बाटल्या फेकल्या, तरी दालनांवरून नाव उतरायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. कलेला दिलेली अशी देणगी म्हणजे प्रतिष्ठेची खरेदी, दुसरं काही नाही.

गुंड यांचाही पैसा बँकरच्या घरातला वारसा होता आणि चित्र घेणारे स्टीव्ह कोहेन हेज फंडवाले अब्जाधीश. हा आक्षेप खरा आहे. श्रीमंतांची मर्जी हा न्यायाचा पाया होऊ शकत नाही. सरकारला जाब विचारावाच लागेल. पण जाब विचारणाऱ्या संघटनांना वकील लागतात, कार्यालय लागतं, पगार लागतात. तो खर्च कुणीतरी उचलला, आणि स्वतःला प्रिय असलेली वस्तू सोडून उचलला.

एकदाच नव्हे. २०२२ मध्ये अमेरिकेत गर्भपाताचा हक्क जाण्याच्या बेतात होता, तेव्हा गुंड यांनी लिक्टेनस्टाइनचंच आणखी एक काम लिलावात काढलं. वय ८३. आलेले तीस लाखांहून अधिक डॉलर गेले बायकांच्या त्या हक्कासाठी लढणाऱ्यांकडे.